पुन्हा मैदानावर



मका आणि कपाशी निघाली, की आपल्या धावड्याच्या आसपासची शेते मोकळी होतात. मग संध्याकाळी तेथे खेळ रंगतो. कोणी टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतो, कोणी कबड्डी खेळतो. शाळेच्या मैदानावर मुलींचा खो-खो चालू असतो. जमीन उंचसखल असते. पायांत बूट असतातच असे नाही. धावता धावता एखाद्याचा पाय मुरगळतो, एखाद्याच्या मांडीत लचक भरते. तो दोन मिनिटे बसतो, पाय झटकतो आणि "काही झाले नाही" असे म्हणत पुन्हा धावू लागतो. घरी तो काहीच सांगत नाही. सांगितले तर खेळणे बंद होईल, अशी त्याला भीती वाटते. आपली संघातली जागा दुसऱ्याला मिळेल, हीसुद्धा भीती असते.

ही भीती फक्त तुम्हांलाच वाटते असे समजू नका. देशासाठी खेळणाऱ्या खेळाडूंनाही ती वाटत असते. दुखापत झाली तर त्यांचे नाव, त्यांची जागा, कधी कधी त्यांची रोजीरोटीही जाण्याचा संभव असतो. तरीही त्यांतील काही जण बरे होऊन पुन्हा मैदानावर येतात. ते कसे येतात? नशिबाने, की हिमतीने, की आणखी कशाने? आज आपण हेच समजून घेऊ या.

झहीर खान हे नाव तुम्ही ऐकले असेलच. ते डाव्या हाताने वेगवान गोलंदाजी करत असत. त्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूर येथे झाला. हे गाव त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्यांचे शालेय शिक्षण श्रीरामपुरातच झाले. पुढे क्रिकेटसाठी ते मुंबईला गेले. तेथून चेन्नईला वेगवान गोलंदाजी शिकवणाऱ्या संस्थेत गेले. नोव्हेंबर २००० मध्ये ढाका येथे बांगलादेशविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळले. श्रीरामपूर हे काही मुंबईसारखे मोठे शहर नव्हे. अशा गावातला एक मुलगा भारताचा प्रमुख वेगवान गोलंदाज झाला.

वेगवान गोलंदाजाचे शरीर किती ताण सोसते, याचा कधी विचार केला आहे का? तो लांबून धावत येतो. चेंडू टाकताना एक पाय पुढे जोरात आपटतो. त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. एका षटकात हे सहा वेळा घडते. दिवसभरात पंधरा-वीस षटके टाकली, तर नव्वद ते एकशेवीस वेळा घडते. म्हणून वेगवान गोलंदाजांची पाठ, मांडी, गुडघा आणि घोटा पुन्हा पुन्हा दुखावतात. झहीर खान यांचेही तसेच झाले. डिसेंबर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे त्यांनी एका डावात ५ बळी घेतले. पण त्याच दौऱ्यात मांडीच्या मागचा स्नायू दुखावला. पुढचा ॲडलेडचा सामना भारताने जिंकला. त्या विजयात मात्र त्यांना खेळता आले नाही.

पुढे त्यांचे संघातील स्थानही गेले. तेव्हा ते स्वस्थ बसले नाहीत. २००६ मध्ये ते इंग्लंडला वूस्टरशायर या संघाकडून खेळायला गेले. तेथे जवळजवळ रोजच सामने असत. इतकी गोलंदाजी करायची, तर शरीर जपूनच करायला हवी होती. त्यांनी आपली धाव थोडी आखूड केली. दुरून धावत येण्याऐवजी ते कमी अंतरावरून येऊ लागले. वेगापेक्षा चेंडू आत-बाहेर वळवण्यावर त्यांनी भर दिला. त्या हंगामात त्यांनी ७८ बळी मिळवले आणि वर्ष संपता संपता ते भारतीय संघात परतले. २००७ मध्ये इंग्लंडमधील ट्रेंट ब्रिजच्या सामन्यात त्यांनी ९ बळी घेतले. भारताने तो सामना जिंकला आणि इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी कसोटी मालिका जिंकली. २०११ च्या विश्वचषकात तर त्यांनी २१ बळी घेतले. त्या स्पर्धेत त्यांच्याइतके बळी फक्त पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदी यांनाच मिळाले होते.

आता त्याच वर्षातली पुढची गोष्ट ऐका. २१ जुलै २०११ हा दिवस होता. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा कसोटी सामना सुरू झाला. जगातला तो दोन हजारावा कसोटी सामना होता. इंग्लंडचे पहिले दोन्ही बळी झहीर खान यांनीच घेतले. त्यांनी केवळ १८ धावा दिल्या होत्या. चेंडू त्यांच्या मनासारखा वळत होता. तेवढ्यात चौदाव्या षटकाचे तीन चेंडू टाकून ते थांबले. उजव्या मांडीच्या मागे कळ आली होती. हातात चेंडू आहे, सामना ऐतिहासिक आहे, सारा संघ आपल्यावर अवलंबून आहे. अशा वेळी थांबणे किती कठीण! तरीही ते मैदान सोडून बाहेर गेले. उरलेले तीन चेंडू दुसऱ्याने टाकले.

त्यांच्या मांडीत नेमके काय झाले असेल? आपल्या मांडीच्या मागे तीन लांब स्नायू असतात. स्नायूला उर्दूत आपण पट्ठा म्हणतो. हे तीन स्नायू वर बसायच्या हाडापासून निघतात आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे जोडलेले असतात. गुडघा वाकवणे आणि धावताना शरीर पुढे ढकलणे, ही त्यांची कामे. त्यांचे आणखी एक मोठे काम आहे. आपण वेगाने धावतो तेव्हा पाय पुढे झेपावतो. त्या पायाला वेळेवर आवरण्याचे काम हे स्नायू करतात. सायकलला जसा ब्रेक, तसे हे स्नायू. ताणलेल्या स्थितीतच त्यांना जोर लावावा लागतो. स्नायू थकलेला असेल, किंवा अंग गरम न करता एकदम धावले, तर त्यातील तंतू तुटतात. थोडे तंतू तुटले तर नुसते ओढल्यासारखे वाटते. पुष्कळ तुटले तर सूज येते, काळेनिळे होते आणि लंगडावे लागते. सगळा स्नायूच तुटला, तर कधी कधी शस्त्रक्रियाही करावी लागते.

तुटलेला स्नायू जोडण्याचे काम शरीर स्वतःच करते. पण त्याची एक ठरलेली रीत आहे. पहिल्या काही दिवसांत जखमेच्या जागी रक्त साचते, सूज येते आणि शरीर तुटलेले भाग साफ करते. नंतरचे काही आठवडे नवे तंतू तयार होतात. हे तंतू सुरुवातीला कच्चे आणि वेडेवाकडे असतात. त्यानंतर कित्येक आठवडे, कधी कधी महिने, ते हळूहळू सरळ आणि बळकट होत जातात.

तुमच्या गल्लीत एखाद्या घराचा स्लॅब टाकताना तुम्ही पाहिले असेल. स्लॅब दुसऱ्याच दिवशी कडक दिसतो. पण गवंडी खालचे टेकू लगेच काढत नाही. तो बरेच दिवस स्लॅबवर पाणी मारत राहतो. घाईने टेकू काढले तर स्लॅब कोसळेल, हे त्याला ठाऊक असते. स्नायूचेही तसेच आहे. दुखणे थांबले म्हणजे स्नायू पक्का झाला, असे नाही. दुखणे आधी थांबते, बळ मागाहून येते. बहुतेक मुले याच ठिकाणी फसतात. दुखत नाही म्हणून ती धावतात आणि कच्चे तंतू पुन्हा तुटतात. एकदा दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याचा धोका मुळातच अधिक असतो.

मग महिनाभर खाटेवर पडून राहावे का? तेही बरोबर नाही. नुसते पडून राहिल्याने स्नायू बारीक होतो आणि सांधा आखडतो. नव्या तंतूंना सरळ वाढण्यासाठी थोडा थोडा ताण लागतोच. स्लॅबला जसे रोजचे पाणी, तसा स्नायूला रोजचा मोजका व्यायाम. तो किती करायचा आणि कधी वाढवायचा, हे डॉक्टर आणि व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ ठरवतात. या तज्ज्ञांना फिजिओथेरपिस्ट म्हणतात.

लॉर्ड्सनंतर झहीर खान यांनी त्याच दौऱ्यात एका सराव सामन्यात गोलंदाजी करून पाहिली. पण त्यांना थोडीच षटके टाकता आली. शरीर अजून तयार नव्हते. ते दौरा सोडून परतले. भारत ती मालिका ४-० अशी हरला. दूर बसून आपल्या संघाचा पराभव पाहताना त्यांना किती वाईट वाटले असेल! त्यानंतर त्यांच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली आणि खरी तयारी सुरू झाली. अशी तयारी पायऱ्यापायऱ्यांनी होते. आधी नीट चालणे, मग हळू धावणे, मग वेग वाढवणे. त्यानंतर जागच्या जागी चेंडू टाकणे, मग अर्ध्या धावेने टाकणे, मग पूर्ण धावेने टाकणे. हे सारे जमल्यावरही ते एकदम परदेशात खेळायला गेले नाहीत. आधी मुंबईकडून रणजी सामने खेळून त्यांनी आपले शरीर तपासून घेतले.

२६ डिसेंबर २०११ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ते पुन्हा भारताकडून कसोटी खेळायला उतरले. लॉर्ड्सला मैदान सोडल्याला पाच महिने झाले होते. पहिल्या डावात त्यांनी ३१ षटके टाकली आणि ७७ धावांत ४ बळी घेतले. भारत तो सामना हरला, ही गोष्टही लक्षात ठेवा. परत येणारा खेळाडू दरवेळी विजय घेऊनच येतो, असे नाही. पण ज्या पायाने चौदावे षटक पूर्ण करू दिले नव्हते, तोच पाय आता ३१ षटके टिकला. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी कसोटीतला तीनशेवा बळी घेतला. २०१५ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर ९२ कसोटी सामने आणि ३११ बळी होते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये डाव्या कोपराचे दुखणे सुरू झाले. स्नायू हाडाला ज्या दोरीसारख्या भागाने जोडलेला असतो, त्याला कंडरा म्हणतात. हाताच्या सततच्या वापराने कोपराच्या बाहेरच्या बाजूची कंडरा झिजते आणि दुखू लागते. या दुखण्याला 'टेनिस एल्बो' असे नाव आहे. ते टेनिस न खेळणाऱ्यांनाही होते. कुदळ चालवणाऱ्याला होते, रंगाऱ्याला होते आणि रोज पिळून पिळून धुणे धुणाऱ्या बायकांनाही होते. कंडरेला रक्ताचा पुरवठा कमी असतो. म्हणून ती स्नायूपेक्षाही सावकाश बरी होते. मे २००५ मध्ये लंडन येथे तेंडुलकर यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आपल्या लहान मुलाची बॅट उचलणेही जड जात होते, असे त्यांनी पुढे सांगितले. जगातला मोठा फलंदाज आणि हातात खेळण्यातली बॅटही पेलत नाही! त्यांनी तेथूनच सुरुवात केली. ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ते पुन्हा खेळले आणि त्यांनी ९३ धावा केल्या. दुसऱ्या वर्षी खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. तरीही ते २०१३ पर्यंत खेळत राहिले. एकदिवसीय सामन्यातले त्यांचे द्विशतक या दोन्ही शस्त्रक्रियांनंतरचे, २०१० सालचे आहे.

याहून बिकट प्रसंग अमेरिकेतील एका खेळाडूवर आला. अमेरिकेचा फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा असतो. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात. संघाची चाल ठरवून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. ॲलेक्स स्मिथ हे असेच एक क्वार्टरबॅक होते. १८ नोव्हेंबर २०१८ रोजी सामन्यात त्यांच्या उजव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडे मोडली. हाड कातडी फाडून बाहेर आले. जखमेत जंतू शिरले आणि त्यांचा जीव धोक्यात आला. पाय कापावा लागतो की काय, अशी वेळ आली. एकूण १७ शस्त्रक्रिया झाल्या. जवळजवळ दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर २०२० रोजी, ते पुन्हा सामन्यात उतरले. या उदाहरणातून एक धडा आपण घ्यावा. उघड्या जखमेला कधीही क्षुल्लक समजू नये. माती लागलेली जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे की नाही, हे विचारावे.

पण मुलांनो, प्रत्येक खेळाडू आपल्या जुन्या खेळात परत येऊ शकतो का? नाही. हे खोटे सांगून चालणार नाही. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण पाहा. ते सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. ते सैन्यात होते आणि चांगले मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे बळ गेले. पुन्हा मुष्टियुद्ध खेळणे शक्य नव्हते. उपचारासाठी त्यांना पोहायला सांगण्यात आले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, म्हणून अशा रुग्णांना पोहण्याचा उपयोग होतो. पेटकर पोहू लागले आणि पोहता पोहता स्पर्धेत उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा झाली. त्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिलेच सुवर्णपदक होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक मैदान बंद झाले, तेव्हा त्यांनी दुसरे शोधले.

आता आपल्याकडे वळू. तुम्ही म्हणाल, "सर, त्या खेळाडूंजवळ मोठमोठे डॉक्टर असतात. आमच्याजवळ काय आहे?" तुमचे म्हणणे खरे आहे. आपल्याजवळ लंडनचे रुग्णालय नाही. पण सुरुवातीच्या ज्या गोष्टी त्यांनी केल्या, त्यांना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे थांबणे. कळ आली की खेळ थांबवा. झहीर खान लॉर्ड्सवर थांबू शकतात, तर आपण गल्लीतल्या सामन्यात का थांबू नये? दुसरी गोष्ट म्हणजे सांगणे. अम्मी-अब्बांना सांगा, शिक्षकांना सांगा. मुलींनी तर मुळीच संकोच करू नये. कित्येक मुली दुखणे अंगावर काढतात. ते योग्य नाही.

तिसरी गोष्ट, दुखावलेल्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे धरा. बर्फ नसेल तर गार पाण्यात भिजवलेले फडके ठेवा. पहिले दोन दिवस असे दिवसातून चार-पाच वेळा करा. पाय उशीवर थोडा उंच ठेवा. आपल्या घरांत लगेच गरम तेलाने जोरात चोळण्याची पद्धत आहे. ती मायेपोटी असते, पण ताज्या दुखापतीत चोळल्याने आणि शेकल्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. पाय ओढून "बसवण्याचा" प्रयत्न तर कोणालाही करू देऊ नका. हाड मोडले असेल तर त्याने कायमचे व्यंग येऊ शकते.

चौथी गोष्ट, डॉक्टरकडे केव्हा जायचे, हे ओळखा. पाय टेकवून चार पावलेही चालता येत नसतील, हातपाय वाकडा दिसत असेल, बोटे बधिर किंवा गार पडली असतील, जखमेतून हाड दिसत असेल किंवा ताप येत असेल, तर घरी थांबू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा भोकरदनच्या सरकारी रुग्णालयात जा. गरज पडली तर तेथून जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. क्ष-किरण फोटो काढल्याशिवाय हाड मोडले की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे परत येण्याच्या पायऱ्या. न दुखता चालता आले की हळू धावा. ते जमले की वेग वाढवा. मग धावता धावता वळा, थांबा, उडी मारा. दुखावलेल्या पायावर आणि चांगल्या पायावर पाच पाच लंगड्या उड्या मारून पाहा. दोन्ही पाय सारखे वाटले, तरच सामना खेळा. एखाद्या पायरीवर दुखले, तर एक पायरी मागे या. मागे येण्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची आहे. आपला पाय फक्त खेळण्यासाठी नाही. याच पायाने शाळेत यायचे आहे, शेतात जायचे आहे, उद्या घर चालवायचे आहे. चार दिवसांच्या सामन्यासाठी जन्मभराचा पाय गमावणे हा मोठा तोट्याचा सौदा आहे.

धीर धरण्याला मराठीत संयम म्हणतात. उर्दूत आपण त्यालाच सब्र म्हणतो. सब्र म्हणजे हात बांधून बसणे, असे काहींना वाटते. पण या खेळाडूंचे पाच महिने आणि दोन वर्षे आठवा. रोज उठायचे, ठरलेला थोडा व्यायाम करायचा, आजचे आज आणि उद्याचे उद्या. त्यांचा सब्र असा कामाचा होता.

तुमच्या संघातील एखादा मुलगा दुखापतीमुळे बाहेर बसला असेल, तर त्याला भित्रा म्हणून हसू नका. त्याला धावा मोजायला बसवा, पंच करा, त्याचे दप्तर घरी पोहोचवा. त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवा. आपली जागा आपली वाट पाहते आहे, हे समजले की घाई करण्याची त्याला गरजच उरणार नाही.